गेलेल्या माणसाची काडतुसं

हार्लन टॉलेफसनला जाऊन महिना उलटला आणि एका शनिवारी दुपारी तिघं जण त्याच्या अंगणात गाडीतून उतरले. कशाला आलेत हे व्हर्नाला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या दिराच्या, लाइलच्या हातात पोकळ डोक्याचा तो प्लॅस्टिकचा हातोडा होता. मोंटानाच्या त्या कोपऱ्यात रायफलवाला माणूस गेला की पहिल्या आठवड्यात चर्चमधल्या बायका जेवणाची भांडी घेऊन येतात आणि महिन्याभरानं त्याचे नेमबाज मित्र त्याची काडतुसं फोडायला येतात. दोघांनाही नाही म्हणायचं नसतं.

कारण अगदी साधं आहे. हातानं भरलेल्या काडतुसाच्या पोटात काय आहे ते भरणाऱ्यालाच ठाऊक. दारू कुठली घातली, किती घातली, त्या दिवशी त्याचं लक्ष जागेवर होतं की बायकोशी भांडून बसला होता, हे पितळेकडे बघून कळत नाही. तो जिवंत असेपर्यंत त्याला विचारता येतं. गेला की विचारायचं कुणाला? म्हणून गेलेल्या माणसाची काडतुसं कुणी झाडत नाही, विकत नाही, पोटच्या मुलालाही देत नाही. गोळ्या उपटून शिसं वितळवायचं, पितळी पुंगळ्या मित्रांनी वाटून घ्यायच्या आणि काळी दारू परसातल्या रुबार्बच्या वाफ्यात टाकायची. तीत सोरा असतो, त्यावर रुबार्बचे आंबट लाल दांडे मनगटाएवढे होतात.

सगळं रीतीप्रमाणे होतं. घोळ फक्त एकच होता. शेडमधली ती काडतुसं हार्लननं भरलेलीच नव्हती. ती व्हर्नानं भरली होती, गेली नऊ वर्षं तीच भरत होती, आणि ती चांगली धडधाकट दारातल्या पायपुसण्यावर उभी होती.

"वहिनी, बरी आहेस ना?" लाइल म्हणाला. साठीला आला तरी थोरल्या भावाच्या घरात पाऊल टाकताना तो अजून टोपी काढून हातात धरायचा.

"बरी आहे. या."

"तुला त्रास द्यायला जिवावर आलं होतं, पण..."

"पण सप्टेंबरची स्पर्धा जवळ आली आणि पुंगळ्या हव्यात," गसनं वाक्य पुरं केलं. गस ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि त्याचं तोंड इंजिनापेक्षा जास्त चालायचं. "खोटं कशाला बोला? हार्लनच्या पुंगळ्यांवर माझा केव्हापासून डोळा आहे. आणि तुझ्या ओव्हनमधल्या रुबार्बच्या गोड पायवरही, व्हर्ना. वास येतोय मला."

तिसरा ऑर्व्हिल स्ट्रँड. त्यानं नुसती मान हलवली. नेमबाजांच्या क्लबात सगळ्यात वडील तोच, आणि रीतभात म्हणजे काय हे विचारायचं झालं तर त्यालाच विचारायचं. उभ्या आयुष्यात त्यानं दुसऱ्यानं भरलेलं एकही काडतूस आपल्या रायफलीत घातलं नव्हतं. एकदा शिकारीत स्वतःची संपली, समोर हरीण उभं, शेजारचा मूठभर काडतुसं पुढे करतोय, आणि हा गडी रायफल खांद्याला लावून घरी चालत आला. हार्लनकडून तो चार वेळा हरला होता, आणि चारही वेळा अभिनंदनाला पहिला हात त्यानंच पुढे केला होता.

तिघं शेडकडे गेले. व्हर्ना स्वयंपाकघरात कॉफी करायला वळली आणि तिच्या लक्षात आलं की तिचे ओठ गच्च मिटलेत.

हार्लनचे हात आधी चमचा धरताना थरथरायला लागले. सूप टेबलावर सांडायचं. गंमत अशी की रायफल काठ्यांच्या आधारावर टेकवून गाल लावून बसला की तीच बोटं शांत व्हायची, ती जड रायफलच त्यांना धरून ठेवायची. पण दारू भरायला बसला की पुन्हा सगळं थरथरायला लागायचं. एक दिवस ती जेवायला बोलवायला शेडमध्ये गेली तर टेबलभर काळी दारू सांडलेली आणि हार्लन तीत बोटानं रेघा ओढत बसलेला. तिनं त्याच्या हातातून नरसाळं घेतलं. त्यानं अडवलं नाही. दुसऱ्या दिवशीही तिनंच घेतलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "हे शेडच्या बाहेर जायला नको, व्हर्ना." ती म्हणाली, "नाही जाणार."

कारण क्लबात लेखी नसलेला पण सगळ्यांना पाठ असलेला एक नियम होता: ज्यानं त्यानं आपलं काडतूस आपण भरायचं. बायकोनं भरलेलं झाडणाऱ्याला कुणी हाकललं नसतं, पण नाकं मुरडली असती, आणि हार्लनला ते मरणापेक्षा जड गेलं असतं.

सुरुवातीला तिनं तो सांगेल तसंच केलं. मग हळूहळू स्वतःचं डोकं चालवायला लागली. गोळीला फासायचं वंगण तो दुकानातून आणायचा, तिनं ते बंद केलं आणि मधमाश्यांचं मेण आणि मेंढीची चरबी आपल्याच पातेल्यात कढवली. साच्यातून निघालेल्या गोळीवर नखाएवढी सुरकुती दिसली तरी ती परत वितळवायची. दारू लांब पितळी नळीतून पुंगळीत सोडायची ती एका धारेत, घाई नाही, थांबणं नाही. ती धार सारखी राहावी म्हणून व्हर्ना चर्चमधलं एक भजन गुणगुणायची. एक कडवं संपलं की एक पुंगळी भरली. हार्लन बाजूला बसून हसायचा. मग हसायचा थांबला, कारण जो माणूस पूर्वी पाचवा-सहावा यायचा तो पहिला यायला लागला.

"म्हातारपणी हार्लनला झालंय काय," लोक तोंडात बोट घालून म्हणायचे. "काय काडतुसं भरतो." व्हर्ना त्यांच्या मागे कॉफीची किटली घेऊन उभी असायची. ऐकून आतून फुलून यायची आणि चेहरा कोरा ठेवून साखर हवी का विचारायची. नऊ वर्षं ती मूग गिळून बसली होती, आणि नवरा होता तोवर त्याचं तिला फारसं काही वाटलंही नव्हतं. रात्री अंथरुणात तो हळूच म्हणायचा, "आज आपण जिंकलो." त्या 'आपण'वर तिचं भागत होतं.

आता तो 'आपण' म्हणणारा नव्हता. शेडमध्ये होती ती गेल्या हिवाळ्यात भरलेली काडतुसं, आजवरची सगळ्यात चांगली. हार्लनला त्यातलं एकही झाडायला मिळालं नाही. गप्प बसावं तर ती सगळी रुबार्बच्या मुळाशी जाणार आणि कुणाला कधी कळणारही नाही. बोलावं तर क्लबाच्या भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळीवर रंगवलेलं हार्लनचं नाव काळं होणार. तिनं कॉफी कपांत ओतली, रुबार्बच्या पायचे तुकडे केले आणि ट्रे उचलला. अजून तिचं काही ठरलं नव्हतं.

शेडमधून ठकठक ऐकू येत होती. काडतूस हातोड्याच्या पोकळीत अडकवायचं, हातोडा लाकडावर आपटायचा, की झटक्यानं गोळी सुटून बाहेर येते. लाइल आपटत होता, गस पुंगळीतली दारू तारेनं टोकरून ताटलीत काढत होता आणि ऑर्व्हिल सुटलेल्या गोळ्या एकेक करून तराजूत टाकत होता. त्याला तसं करायची काही गरज नव्हती. शिसं वितळवायचंच होतं. पण त्याच्यानं राहवलं नसावं.

"ही बघा," ऑर्व्हिल म्हणाला. "आणि ही. काटा हलत नाही. एका आईच्या पोटच्या आहेत सगळ्या."

"दारू बघा ना कशी बसलीये," गस म्हणाला. "टोकरून टोकरून माझं बोट मोडायची वेळ आली. हार्लन, बाबा रे, थोडी तरी सैल भरायचीस."

"पण त्याचे हात तर थरथरायचे," ऑर्व्हिल म्हणाला. "ईस्टरला त्याच्यानं कप धरवत नव्हता."

"कामाला बसला की थांबायचे," लाइल ठासून म्हणाला. "दादाचं असंच होतं. कामाला बसला की त्याचा हात म्हणजे दगड." आणि त्यानं हातोडा पुन्हा आपटला.

व्हर्ना ट्रे घेऊन दारात उभी होती. एक अख्खी पेटी रिकामी झाली होती. ते तिचं कौतुक करत होते आणि करता करता तिचं काम मोडत होते, आणि दोन्ही अगदी प्रेमानं. तिला हसावं की त्या तिघांना ट्रेसकट बाहेर काढावं कळेना. गस ताटली उचलून तिच्याजवळून बाहेर निघाला.

"ही तुझ्या रुबार्बला घालतो, व्हर्ना. पुढच्या वर्षी पायला बोलाव."

"गस, ती ताटली खाली ठेव."

आवाज मोठा नव्हता, पण गस थांबला. लाइलचा हातोडा वरच्या वर राहिला.

"गेलेल्या माणसाची काडतुसं फोडायची असतात, बरोबर?" व्हर्ना म्हणाली. "मग ही कशाला फोडताय? ही ज्यानं भरली तो गेलेला नाही. ती मी भरलीत."

बाहेर गसच्या गाडीतलं कुत्रं तेवढं भुंकत होतं.

"वहिनी," लाइल हळू आवाजात म्हणाला, "तू थकलीयेस. जरा बस."

"थकले नाही मी. नऊ वर्षं भरतेय. दादाचा हात कामाला बसला की थांबायचा म्हणालास ना आत्ता? नव्हता थांबत. तो माझा हात आहे, लाइल."

लाइलचा चेहरा पडला, आणि मग लाल झाला. "म्हणजे दादा आम्हाला फसवत होता?"

"फसवत नव्हता. लाजत होता. आणि मी त्याला शब्द दिला होता म्हणून गप्प होते. आज मोडला तो शब्द. माझं मीच बघून घेईन त्याच्याशी, वर गेल्यावर."

ऑर्व्हिलनं चिमटीतली गोळी तराजूत ठेवली. काटा स्थिर झाल्यावर त्यानं विचारलं.

"दारू कशी सोडतेस?"

"नळीतून. भजनाच्या एका कडव्यात एक."

"कुठलं भजन?"

तिनं सांगितलं.

"फार संथ आहे ते," ऑर्व्हिल म्हणाला.

"म्हणूनच."

गस खुदकन हसला आणि लाइलकडे बघून पुन्हा गंभीर झाला. ऑर्व्हिल मात्र हसला नाही. "हे नवऱ्याशेजारी बसून बघणारीही सांगेल," तो म्हणाला. "राग मानू नकोस. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. नवी काडतुसं भरली की पहिलं भरणाऱ्यानं झाडायचं आणि बाकीच्यांनी मागे उभं राहायचं. पोटात काय आहे याची ज्याला खात्री, त्यानंच गाल लावायचा. तू झाडशील?"

इथे खरी पंचाईत होती. व्हर्ना लहानपणापासून घरच्या हलक्या बंदुकीनं हरणं मारत आलेली, पण हार्लनची ही रायफल तिनं पुसली होती, उचलली होती, तिला तेल लावलं होतं, झाडली मात्र कधीच नव्हती. चांगल्या तगड्या माणसाच्या खांद्यावर निळं उठवणारी ती रायफल, आणि व्हर्ना एवढीशी. भरलेल्या काडतुसाबद्दल तिला तिळभर शंका नव्हती. खांद्याबद्दल होती.

"खांदा निखळेल तुझा," लाइल म्हणाला. रागावलेला होता तरी त्याच्या आवाजात काळजी होती.

"निखळू दे. दुसरा आहे. पेटी घे आणि बाहेर चल."

कोठाराच्या मागे हार्लनचं नेम धरायचं टेबल, खुर्ची होती आणि शंभर यार्डांवर मातीच्या चढाला टेकवलेली फळी. लाइलनं तिच्यावर पांढरा कागद ठोकला, मधोमध काळा ठिपका काढला. व्हर्नानं वाळूच्या पिशव्या थोपटून रायफल त्यांवर ठेवली. पेटीतून काडतूस तिनं निवडून घेतलं नाही, हाताला लागलं ते घेतलं. तिघं मागे सरकून उभे राहिले. ऑर्व्हिल सगळ्यांपेक्षा कमी सरकला, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"रायफलवरचं निशाण स्पर्धेतल्या लांबच्या लोखंडी घंटेसाठी लावलेलं आहे," गस म्हणाला. "गोळी वर जाईल. खाली घेऊन देऊ?"

"त्याला हात लावायचा नाही. हार्लननं लावलेलं आहे ते."

तिनं गाल लावला. लाकडाला अजून त्याच्या तंबाखूचा वास होता. तिनं घोडा ओढला, श्वास सोडला आणि चाप दाबला. दणका असा बसला की खुर्चीसकट ती वीतभर मागे गेली. समोर पांढरा धूर, कानात दडे, दंड खांद्यापासून बोटांपर्यंत सुन्न. धुरातून गसचा आवाज आला. तो दुर्बिणीला डोळा लावून बसला होता.

"कागदाच्या वरच्या कडेला. ठिपक्याच्या फार वर."

"मला ठिपका नकोच आहे," व्हर्ना म्हणाली. हार्लन करायचा तसं तिनं रबरी नळी लावून रायफलीच्या नळीत सावकाश फुंकर घातली, म्हणजे आतली काजळी ओलसर राहते, आणि दुसरं काडतूस घातलं. या वेळी दणका कसा बसतो ते ठाऊक होतं म्हणून तो जास्तच लागला.

"ही कुठे गेली?" गस पुटपुटला. "दिसत नाही. गेली वरून."

"फळी चुकली," लाइल म्हणाला. "बास झालं, वहिनी. कुणी काही म्हणत नाही तुला."

तिनं रबरी नळी उचलली. फुंकर घातली, तिसरं भरलं आणि झाडलं. मग रायफल उघडून टेबलावर ठेवली आणि फळीकडे चालायला लागली. उजवा हात तिला वर करता येत नव्हता, तो तिनं डाव्यानं धरला होता.

ऑर्व्हिल तिच्या आधी पोचला. कागदाच्या वरच्या कडेजवळ एक भोक होतं, पण ते गोल नव्हतं, लांबट होतं. दुसरी गोळी वरून गेली नव्हती. ती पहिल्याच्याच भोकातून, किंचित बाजूनं घुसली होती. तिसरी अंगठाभर उजवीकडे होती. नेमबाज नसलेला कुणी म्हणाला असता, बाई तीनदा चुकली, ठिपक्याच्या जवळपासही गेली नाही. पण ते चौघं अशा कागदांपुढेच आयुष्य घालवलेले लोक होते. गोळी कुठे जाते ते निशाणावर असतं आणि निशाण फिरवता येतं. पण एक जिथे गेली तिथेच दुसरी न्यायची ती ताकद पेटीतून यावी लागते.

"ती तिसरी माझी चूक," व्हर्ना म्हणाली. "तोवर खांदा भ्यायला लागला होता. काडतुसाचा त्यात दोष नाही."

गसनं टोपी मागे सारून डोकं खाजवलं. लाइल त्या लांबट भोकात करंगळी घालून उभा होता. तो म्हणाला, "मग क्लबातल्या फळीवरचं दादाचं नाव? ते काय करायचं आता?"

"ते राहील," व्हर्ना म्हणाली, आणि तिला वाटलं त्यापेक्षा तिचा आवाज ताठ निघाला. "काडतूस आपण होऊन घंटेवर जात नाही, लाइल. आत्ता बघितलंस ना, तिसऱ्यालाच माझी काय दशा झाली? त्या थरथरत्या हातांनी तो दिवसभर झाडायचा आणि वारा ओळखायचा. तुझा दादा चांगला नेमबाज होता. आणि मी चांगली भरते. दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं एक लपवायचा मला आता कंटाळा आलाय."

लाइलनं मान खाली घातली. मग तिचा दुखरा हात टाळून दुसरा धरला आणि म्हणाला, "बर्फ लावू त्याला," आणि हात सोडला नाही.

ऑर्व्हिल एकटाच टेबलाकडे परतला होता. ते तिघं पोचले तेव्हा त्यानं गाडीतून स्वतःची रायफल आणली होती आणि ती उघडून उभा होता.

"एक दे इकडे," तो म्हणाला.

गस बघतच राहिला. "ऑर्व्हिल, अरे, तू तर दुसऱ्याच्या घरी जेवायला जाताना स्वतःचा चाकू नेणारा माणूस."

"तुला कुणी विचारलं?"

व्हर्नानं पेटीतून एक काडतूस काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. पोटात दारू किती हे त्यानं विचारलं नाही. कानाशी हलवून बघितलं नाही, तराजू मागितला नाही. सरळ आत सारलं, बंद केलं, गाल लावला आणि झाडलं. कुणाच्या तरी हाती आपलं सगळं तोंड, दोन्ही डोळे सोपवावेत तसा तो क्षण होता. नऊ वर्षांची वाहवा या एका गोष्टीपुढे फिकी होती.

धूर विरला. ऑर्व्हिलनं पुंगळी काढली, उलटीपालटी करून बघितली आणि खिशात टाकली.

"चार वेळा मी हार्लनकडून हरलो असं समजत होतो," तो म्हणाला. "घरी जाऊन त्याला शिव्या घालायचो. फुकट गेल्या."

"अर्ध्या फुकट गेल्या," व्हर्ना म्हणाली. "अर्ध्या त्याच्याच होत्या."

ऑर्व्हिलच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यानं पुन्हा हात पुढे केला. "अजून दोन दे. नीट बघू दे मला."

व्हर्नानं डाव्या हातानं पेटीचं झाकण लावलं.

"नाही मिळायची. आपल्याकडे ज्यानं त्यानं आपली भरायची असतात, ऑर्व्हिल. आणि ही मला सप्टेंबरला लागणार आहेत."